कनानी देवता

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या कनान प्रदेशात (आजचे इस्रायल, पॅलेस्टाईन, लेबनॉन आणि लगतचा काही भाग) इ.स.पू. दुसऱ्या व पहिल्या सहस्रकांत पुजल्या जाणाऱ्या देवतांचा समूह. एल, अशेरा, बआल, अनात आणि अष्टार्ट या त्यांतील प्रमुख होत. यहुदी, ख्रिस्ती व इस्लाम या तिन्ही धर्मांच्या ग्रंथांत या देवमंडळाचा निषेध आढळतो. मात्र त्याचा बराच वारसाही यहुदी परंपरेत मुरलेला आहे.

या देवतांची ओळख दीर्घकाळ मुख्यतः त्यांच्या विरोधकांकडूनच होत राहिली. १९२८ मध्ये सिरियाच्या किनाऱ्यावर शेत नांगरताना एका शेतकऱ्याला प्राचीन थडगे लागले. पुढच्या वर्षी क्लोद शेफेर यांनी जवळच्या रास शाम्रा टेकाडाचे उत्खनन सुरू केले आणि इ.स.पू. १२०० च्या सुमारास उद्ध्वस्त झालेले उगारित नगर उजेडात आले. तेथील मातीच्या पाट्यांवर तीस चिन्हांच्या कीलाक्षरी वर्णमालेत या देवतांच्या कथा त्यांच्या उपासकांच्याच शब्दांत मिळाल्या. उगारित काटेकोर अर्थाने कनानच्या सीमेबाहेर होते. देवमंडळ मात्र बव्हंशी तेच.

एल हा वयोवृद्ध, दयाळू देवपिता. वृषभ हे त्याचे बिरुद. अशेरा त्याची पत्नी आणि सत्तर देवपुत्रांची माता. कारभाराची खरी धुरा बआल-हदाद या मेघारूढ पर्जन्यदेवाकडे होती. नाईल किंवा युफ्रेटिससारखी मोठी नदी नसलेल्या, पावसावर जगणाऱ्या या प्रदेशात ते स्वाभाविकच होते. इलिमिल्कू या लेखनिकाने सहा पाट्यांवर लिहिलेल्या आख्यानात बआल समुद्रदेव याम याला हरवून राजा होतो, पण पुढे मृत्युदेव मोट त्याला गिळतो. तेव्हा अनात देवी मोटला पकडते, पात्याने चिरते, सुपाने पाखडते, आगीत भाजते, जात्यात दळते आणि शेतात पेरते. एका देवाच्या वधात धान्याचा सारा प्रवास उभा करणारा हा प्रसंग प्राचीन वाङ्मयातील अत्यंत प्रभावी प्रसंगांपैकी एक आहे.

इस्राएली लोक याच भूमीत आणि याच संस्कृतीतून पुढे आले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांनी एलला नाकारले नाही. त्याचे नाव व गुण याव्हे या त्यांच्या देवात विलीन झाले. मेघांवर आरूढ होणे, लिव्याथान या सागरी सर्पाचा वध करणे ही बआलची वैशिष्ट्येही याव्हेकडे आली. सिनाईतील कुंतिलेत अजरूद येथे इ.स.पू. ८०० च्या सुमारास रांजणांवर शाईने लिहिलेल्या मजकुरात ‘शोमरोनचा याव्हे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद दिलेला आहे. ही अशेरा म्हणजे देवी की तिचे प्रतीक असलेला लाकडी खांब, हा वाद मिटलेला नाही. तरीही त्या काळच्या सामान्य भक्ताची श्रद्धा ग्रंथांतल्या एकेश्वरवादाइतकी निखळ नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

बआल मात्र थेट प्रतिस्पर्धी ठरला. बायबलमधील राजे या ग्रंथात इस्राएलच्या अहाब राजाच्या काळी दुष्काळ पडतो आणि कर्मेल पर्वतावर याव्हेचा संदेष्टा एलीया बआलच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान देतो. होमावर अग्नी कोण पाडतो, याची ती कसोटी असली, तरी कथा संपते ती पावसाने. पर्जन्यदेवाला त्याच्याच क्षेत्रात हरवणे हे तिचे मर्म आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज मलिदा विधीत ज्या एलियाहू हन्नबीचे स्मरण करतो, तो हाच संदेष्टा. पुढे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यहूदाचा राजा योशीया याने यरुशलेमच्या मंदिरातून अशेरा बाहेर काढली, किद्रोन ओढ्याकाठी जाळली आणि तिची राख सामान्यांच्या थडग्यांवर टाकली, असा वृत्तान्त आहे. देवी मंदिराच्या आत होती, ही कबुली त्या वृत्तान्तातच दडलेली आहे. यहुदी लोकांच्या बाबिलोनमधील बंदिवासानंतर इतर देव अस्तित्वातच नाहीत, ही भूमिका दृढ झाली. नंतरच्या मिश्ना या यहुदी धर्मसंहितेने अशेरा म्हणून पुजलेल्या झाडाच्या लाकडाचा वापरही निषिद्ध ठरवला.

ख्रिस्ती परंपरेत या देवतांना सैतानी रूप आले. एक्रोन नगरीचा बआल-जबूब शुभवर्तमानांत भुतांचा अधिपती बालजबूल झाला, तर अष्टार्ट देवीचे मध्ययुगोत्तर मंत्रग्रंथांत अस्टारोथ नावाच्या पुरुष पिशाचात रूपांतर झाले. जॉन मिल्टनच्या १६६७ मधील ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात मोलख, बआल, अष्टार्ट हे सारे सैतानाचे सरदार आहेत. मोलखला मुले बळी दिली जात, असे बायबल म्हणते. परंतु मोलख हे देवाचे नाव नसून बळीच्या प्रकाराचे नाव असावे, असा तर्क ओटो आइसफेल्ट यांनी १९३५ मध्ये मांडला आणि त्यावर अजून चर्चा चालू आहे.

कुराणात बआलचा उल्लेख थोडक्यात येतो. सदतिसाव्या सूरेत इलियास, म्हणजेच एलीया, सर्वोत्तम निर्मात्याला सोडून बआलचा धावा करणाऱ्या आपल्या लोकांना जाब विचारतो. येथे बआलची कथा नाही, रूपवर्णन नाही. रोख निर्मात्याच्या विस्मरणावर आहे. भाष्यकारांनी या प्रसंगाचा संबंध लेबनॉनमधील बालबेक नगराशी जोडला.