आधी भोपळा, मग पट्टी

कुपवाडच्या एमआयडीसीत स्टोअर्स सांभाळता सांभाळता माझी नोकरी सरली. एकोणचाळीस भाग रॅकवर आणि चाळिसावा नाही म्हणून पंप अडकून पडलाय, हे आमचं रोजचं रडगाणं. शेजारच्या मिरजेत हाच हिशेब दीडशेहून अधिक वर्षं मालाच्या नोंदकार्डाशिवाय (आमच्या भाषेत ‘बिन कार्ड’) चाललाय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. इंग्रजी अमलात तलवारीचं गिऱ्हाईक आटलं. पटवर्धनांच्या संस्थानात गाणं मात्र होतं. पोलादावर बसलेला हात लाकडाकडे वळला. पुढे गवई अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. इथवरचं सगळेच सांगतात. मला कुतूहल सतारमेकर गल्लीतल्या माळ्यावरच्या, वाद्यांचा तुंबा बनणाऱ्या भोपळ्यांचं.

हा कडू भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून. (1927 साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरहून मिरजेला पोचली. वजनाला नगण्य, जागा मात्र डबाभर अडवणारा आणि धक्का लागला की फुटणारा हा माल. मी मालबाबू असतो तर कपाळाला हात लावला असता.) हंगाम वर्षातून एकदाच. आकार वेलाच्या मर्जीवर. पुरुषाच्या तंबोऱ्याला 50 इंचांच्या आसपास घेराचा भोपळा हवा. तसे थोडेच निघतात. बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान, सतारीला आणखी लहान. म्हणजे कुठली ऑर्डर येणार हे ठाऊक नसताना मिळतील ते भोपळे घ्यायचे आणि वर्षानुवर्षं वाळत ठेवायचे. आमच्याकडे असा पडून राहिलेला माल ऑडिटरला खुपायचा. इथे जुना भोपळा म्हणजे पुंजी.

खरी कसोटी जोडीची. मैफलीत गवयामागे दोन तंबोरे लागतात, आणि ते एकमेकांना साजेसे हवेत. माळ्यावर भोपळे ढीगभर असतील, पण जुळणारे दोन? त्यातला एक आज सुट्ट्या तंबोऱ्याला वापरला, तर उद्याची जोडी मोडली. दारात उभ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं आणि न आलेल्या गिऱ्हाइकासाठी भोपळा राखायचा, ही छाती आमच्या प्लॅनिंगवाल्यांत मी कधी पाहिली नाही. महिनाअखेर आली की ते हाताला लागेल ते जोडून मोकळे व्हायचे.

दुसरं शहाणपण अर्धवट ठेवण्यात. भोपळा भिजवून, आतून खरवडून आकाराला आणता येतो. तुणीचं लाकूड मुरवता येतं. दांडी, गळा, तबली, खुंट्या तयार ठेवता येतात. पण गिऱ्हाइकाची पट्टी कळल्याशिवाय जवारी लावता येत नाही. काळी एकला गाणाऱ्याच्या तारा वेगळ्या, काळी पाचवालीच्या वेगळ्या. जवारी म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा, तो त्या तारांना धरूनच घासायचा. केसभर जास्त घासलं की नाद बसला. म्हणून सगळ्यात नाजूक आणि माणसागणिक बदलणारं काम सगळ्यात शेवटी, गवई समोर बसवून. हे ठरवायला त्यांना कुणा सल्लागाराची फी द्यावी लागली नाही.

घोडीनेही मध्ये घोर लावला. पूर्वी सांबरशिंग, हस्तिदंत चालायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते दिवस गेले. हाड, शिसवी, प्लॅस्टिक यांवर भागवणं आलं. हा सुटा भाग बदलता आला. भोपळ्याचं तसं नाही. फायबरचे तंबोरे निघालेत, ऐकलेत मी. प्रवासाला बरे.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखलं गेलं, उत्तम झालं. स्टोअर्सवाल्याची खोड म्हणून मी पुरवठादाराकडे बघतो. भीमाकाठी उसाला कारखाना आहे, तोडणीला टोळी आहे, उचल आहे. कडू भोपळ्याचं गिऱ्हाईक मोजकं, आणि तेही घेर बघून निम्मे परत करणारं.