ओल्या मातीतली सही

आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याची एक जुनी बरणी आहे. वरून तपकिरी, खाली दुधी, तोंडाला दादरा बांधलेला. आजीची ती, मग आईची, आता आमची. मागच्या पावसाळ्यात धुताना मी ती पहिल्यांदाच पालथी करून पाहिली. बुडाशी ४ हा आकडा उमटलेला. माप असावं. नाव कुणाचंच नाही.

तेव्हापासून मला भांडी पालथी करून बघायची खोड लागली. घरचे हसतात. पण जुन्या भांड्याची जन्मपत्रिका बहुधा बुडाशीच असते. आपण सरसकट चिनी मातीची म्हणतो त्या या बरण्या म्हणजे स्टोनवेअर. भट्टीचा जाळ बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, की माती दगडासारखी घट्ट होते, पाणी झिरपू देत नाही. म्हणून मीठ, तेल, आंबट सगळं तिला चालतं. युरोपातल्या कारखान्यांनी अशा भांड्यांवर शिक्के मारले आणि जाणकार त्यावरून वय ओळखतात. बुडाशी ‘इंग्लंड’ असा शब्द असेल, तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं. का? तर परदेशातून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला आणि पुढच्या वर्षापासून तो लागू झाला. ही झाली जकातीची गंमत. पण हे शिक्के बहुतेक मालकाचे. चाकावर बसलेला माणूस त्यात नसतो.

एका माणसाने मात्र ही रीत मोडली. तो गुलाम होता आणि कवीही होता.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात एजफील्ड नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे स्टोनवेअरचे मोठे कारखाने होते. राख, वाळू आणि माती कालवून झिलई करत, ती भाजली की हिरवट-तपकिरी होऊन भांड्यावरून ओघळे. मळ्यांवर मांस खारवून ठेवायला, चरबी साठवायला हे रांजण लागत. राबणारे बहुतेक गुलाम. त्यांतला एक डेव्ह. जन्म १८०० च्या सुमाराचा.

डेव्हला लिहिता-वाचता येत होतं. आणि १८३४ मध्ये त्या राज्याने गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा ठरवला. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि कैद, गुलाम असेल तर पन्नासपर्यंत फटके. त्याच १८३४ सालची, डेव्हच्या यमकाच्या ओळी कोरलेली बरणी आज उपलब्ध आहे. त्याचं लिखाण बुडाशी लपवलेलं नाही. ते खांद्यावर आहे, समोरून येणाऱ्याला दिसेल असं. तारीख, बऱ्याचदा एल. एम. ही दोन अक्षरं आणि ‘डेव्ह’. एल. एम. म्हणजे लुइस माइल्स, कारखान्याचा मालक. मालकाची आद्याक्षरं आणि गुलामाचं नाव एकाच मातीत, एकाच हाताने लिहिलेलं.

हे ओळखायचं कसं? डेव्ह ओल्या मातीत टोकदार काडीने लिही. मग झिलई, मग भट्टी. त्यामुळे झिलई अक्षरांच्या खाचांत उतरून साचते, कडा मऊ होतात. भाजल्यानंतर कुणी नाव कोरलं, तर झिलई तडकते, खाच कोरडी आणि टोकेरी राहते. लबाडी बोटालाही कळते. काही भांड्यांवर तिरक्या रेघा आणि टोचलेले ठिपके आहेत. ठिपके गॅलनचं माप सांगतात, असं मानलं जातं. आमच्या बरणीवरच्या चारसारखंच. डेव्हने सही केलेली शंभराहून जास्त भांडी आज माहीत आहेत, ओळी मात्र त्यांतल्या थोड्यांवरच. १३ मे १८५९ चा एक रांजण चार्ल्स्टनच्या संग्रहालयात आहे. सुमारे ४० गॅलनचा, म्हणजे दीडशे लिटरचा. खालचा भाग चाकावर, वरचा मातीच्या वळ्या चढवून केलेला. एकट्याचं काम नव्हे. म्हणून त्यावर नावंही दोन आहेत, डेव्ह आणि बॅडलर. सोबत्याला सहीत घेणारा कवी मी आमच्या संमेलनांत तरी फारसा पाहिला नाही.

१८४० मध्ये एका बरणीवर त्याने मालकाच्या नावाचं यमक चक्क चुलीवरच्या उकळण्याशी जुळवलं आहे. त्यानंतर सतरा वर्षं त्याची एकही ओळ सापडत नाही. १८५७ मध्ये त्या पुन्हा सुरू होतात आणि ऑगस्टमधल्या एका बरणीवर तो आपले नातलग कुठे असतील, असं विचारतो. गुलामांची कुटुंबं तिथे सर्रास विकून तोडली जात. तो प्रश्न कोरला असेल तेव्हा माती ओली होती, एवढंच माझ्या मनात येतं.

माझी कविता छापून आली, की काही लोक आधी खालचं नाव वाचतात, मग वरची कविता. ‘मराठीत कसं काय?’ असा प्रश्न पस्तीस वर्षं ऐकतोय. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते, गझलेच्या मक्त्यात तखल्लुस. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही मराठीत आपलं नाव असंच ठेवलं. तेव्हा मुद्रा या शब्दाचे दोन्ही अर्थ मला डेव्हच्या रांजणावर एकत्र भेटतात.

गुलामी संपल्यावर त्याने पूर्वीच्या एका मालकाचं आडनाव घेतलं. १८७० च्या जनगणनेत तो डेव्हिड ड्रेक आहे, वय ७०, धंदा चाकावर भांडी घडवण्याचा. १८८० च्या जनगणनेत तो नाही.

भांडी राहिली. २०२१ मध्ये त्याची १८५८ सालची एक बरणी लिलावात सुमारे १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. घडवणाऱ्याच्या वंशजांचा त्यात वाटा कुठला? हा प्रश्न बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने मनावर घेतला. तिथे डेव्हची १८५७ सालची दोन भांडी होती, रीतसर मिळवलेली. पण डेव्हला आपल्याच कामावर हक्क नव्हता, मग पहिल्या विक्रीपासूनचा व्यवहार कुणाच्या संमतीने झाला? २०२५ मध्ये संग्रहालयाने दोन्ही भांड्यांची मालकी त्याच्या वंशजांना दिली. एक भांडं वंशजांनी तिथेच प्रदर्शनासाठी उसनं ठेवलं. दुसरं संग्रहालयाने त्यांच्याकडून पैसे मोजून पुन्हा विकत घेतलं. त्या दुसऱ्यावर डेव्हच्या दोन ओळी आहेत. विषय आहे रोख पैसा.