दिसणे आणि सापडणे : आंतरजालावरील स्वतंत्र मराठी लेखक

स्वतंत्र लेखकाचा, म्हणजे प्रस्थापित प्रकाशनसंस्थेच्या आश्रयाविना लिहिणाऱ्याचा, प्रश्न मांडताना आपली समीक्षा बहुधा छपाईपाशी थांबते. कोणी छापले नाही, का छापले नाही, मग त्याने स्वतः कसे छापले, एवढे सांगून झाले की इतिहास संपतो. परंतु मराठीचा अनुभव निराळा आहे. छपाईचा मार्ग या लेखकांनी प्रत्येक पिढीत शोधून काढला. अडले ते वाचकाला सापडण्यापाशी. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ जवळजवळ एकहाती चालवले, ते खटले सोसून आणि वर्गणीदारांच्या बळावर. १९५५च्या सुमारास निघालेले ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित होते. ते हातोहातीच फिरे. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली काढला आणि ‘भिजकी वही’ २००३ साली. मधल्या पाव शतकात कोलटकर मराठी वाचकाच्या नजरेआड झाले नाहीत, याचे श्रेय जाहिरातीला नाही. ते जाते अनियतकालिकांभोवती जमलेल्या लहानशा वर्तुळाला, अनुवादकांना आणि वर्गात त्या कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकांना.

आंतरजाल आले तेव्हा ही वर्तुळे आता आपोआप विस्तारतील, असा समज झाला. तो अर्धाच खरा ठरला, आणि त्याचे कारण वाङ्मयीन नसून लिपीविषयक होते. साहित्याच्या अभ्यासकांनी या कारणाकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही. ‘ते संगणकवाल्यांचे काम’ म्हणून आपण ते सोडून दिले.

‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले. त्या काळी संगणकावर मराठी लिहायचे म्हणजे शिवाजी, शुषा यांसारखा एखादा टंक वापरायचा. या टंकांची युक्ती साधी होती. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहे. केवळ रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे, किंवा अक्षराच्या तुकड्याचे, चित्र बसवलेले असे. काना वेगळा, अर्धा ‘क’ वेगळा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची. वाचकाच्या संगणकावर तोच टंक असेल तर कविता दिसे. नसेल तर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा काला दिसे. शिवाय प्रत्येक टंकाचा नकाशा निराळा. परिणाम असा की शोधयंत्रात ‘पाऊस’ हा शब्द देवनागरीत घातला तर पावसावरची, अशा टंकातली एकही मराठी कविता हाती लागत नसे, कारण यंत्राच्या दृष्टीने त्या पानावर ‘पाऊस’ नव्हताच. लेखकाला वाटे आपण जगासमोर आहोत. प्रत्यक्षात ज्याला पत्ता आधीच ठाऊक आहे त्यालाच तो दिसे. चक्रमुद्रित अंकाहून ही स्थिती फारशी पुढची नव्हती; किंबहुना मागचीच, कारण कागद वाचायला निदान टंक उतरवून घ्यावा लागत नसे.

गंमत अशी की उपाय तेव्हा तयार होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली निश्चित झाले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. टंक कोणताही असो, क्रमांक बदलत नाही. परंतु तो सामान्य लेखकाच्या मेजापर्यंत यायला दहा वर्षे लागली. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ टंकासह देवनागरीची सोय आली. एक्सपीमध्येही ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागे. मराठी विकिपीडिया २००३ साली, ‘मनोगत’ २००४ साली. त्यापुढच्या चार-पाच वर्षांत अनुदिन्यांचे जे पीक आले ते या बदलावाचून आले नसते. एकमेकांच्या अनुदिन्यांचे दुवे पानाच्या कडेला देण्याची चालही याच काळातली. अनियतकालिकांच्या शेवटच्या पानावर इतर अनियतकालिकांचे पत्ते असावेत, तसे ते दुवे होते. वाचक एकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि हे नेमके एका वाचकाने दुसऱ्याला सांगण्यासारखेच होते.

तरीही अक्षराचा घोळ मिटला नाही. मराठीचे खास म्हणावे असे दोन वर्ण घ्या. ‘दुसऱ्या’मधला आडवा, पापणीसारखा रफार दोन रीतींनी टंकता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. क्रमांक मात्र भिन्न. जोडखूण गळाली की ‘दुसर्या’ असे विद्रूप रूप उरते, आणि तेही जालावर विपुल आहे. दुसरे उदाहरण ‘ॲ’चे. युनिकोडने या स्वराला स्वतंत्र क्रमांक दिला २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि पुष्कळजण अजून तसेच करतात. म्हणजे ज्याच्या पुस्तकाच्या नावात वा आडनावात यांपैकी एखादे अक्षर आहे, तो लेखक एकाच वेळी दोन-तीन माणसे होऊन बसतो. मोठी शोधयंत्रे आता हे बरेचसे सांभाळून घेतात. ग्रंथालयांच्या सूची आणि लहान संकेतस्थळांचे शोध सांभाळतीलच असे नाही. शुद्धलेखनाचा वाद आपण नियमांवर घालत बसतो. स्वतःचे नाव सर्वत्र एकाच क्रमांकांनी लिहिणे ही आजची पहिली शुद्धता आहे, असे आमचे मत आहे.

पत्त्याची गोष्ट याहून कठोर आहे. जिओसिटीजची फुकट पाने २००९ साली बंद झाली. ऑर्कुट २०१४ साली गेले. गूगल रीडर २०१३ साली बंद पडला आणि अनुदिन्यांचे नियमित वाचक विखुरले. बरेच लेखक फेसबुककडे वळले. तेथे वाचक अधिक मिळाले, यात शंका नाही, पण दोन वर्षांपूर्वीचा लेख पुन्हा काढून दाखवणे लेखकालाही जिकिरीचे होते. व्हॉट्सॲपवर तर कविता पुढे जाते आणि नाव मागे राहते. काही वेळा ती एखाद्या थोर कवीच्या नावे परत लेखकाकडेच येते. शोभिवंत चित्रावर कविता छापून ती पाठवण्याच्या हौसेने शिवाजी टंकाचाच काळ परत आणला, म्हटले तरी चालेल : अक्षर दिसते, पण ते अक्षर म्हणून साठवलेले नसते. चित्रातील अक्षरे ओळखणारी यंत्रे सुधारली आहेत. तरी दोन ओळींच्या टीपेचे श्रम वाचवण्यासाठी आपली कविता यंत्राच्या अंदाजावर सोडावी, हे पटत नाही.

मग तरले कोण? आमच्या पाहण्यात असे लेखक टिकले ज्यांनी मूळ मजकूर युनिकोडमध्ये, तारखेसह, स्वतःच्या पत्त्यावर ठेवला आणि समाजमाध्यमांवर केवळ त्याचा दुवा दिला. अशी पाने इंटरनेट अर्काइव्हवर जतन करता येतात. मूळ स्थळ बुडाले तरी प्रत राहते. जुन्या टंकातली पानेही तेथे काही प्रमाणात वाचली आहेत, परंतु टंक हरवला असेल तर ती समोर असूनही वाचता येत नाहीत. मोडी दफ्तरांची आठवण यावी अशी ही अवस्था, फरक एवढाच की मोडी वाचणारे अजून भेटतात.

विभागात एखादा संशोधक ‘आंतरजालीय मराठी साहित्य’ असा विषय घेऊन आला की तो २००५ नंतरची उदाहरणे आणतो आणि प्रारंभ तेथेच झाला असे लिहून टाकतो. आधीची दहा वर्षे त्याला दिसलेलीच नसतात. ज्यांच्या जुन्या संगणकांत शिवाजी वा शुषातल्या फायली अद्याप पडून आहेत, त्यांनी टंकाची फाइलही त्यांच्यासोबत जपावी आणि टंकाचे नाव कोठेतरी लिहून ठेवावे. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण कोणता नकाशा लावायचा हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते.