पोओउलीचे बारसे

आम्ही पडलो कारकून. नावावाचून आमची फाईल उघडत नाही, आणि ती कोणत्या खात्याची हे ठरल्यावाचून पुढे सरकत नाही. म्हणूनच की काय, हवाई बेटांतील एका चिमुकल्या पक्ष्याची हकीकत वाचताना आम्हांस ती विलक्षण जवळची वाटली.

माउई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या ईशान्य उतारावरील दमट, निबिड रानात १९७३ साली हवाई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना एक अनोळखी पक्षी आढळला. अंग तपकिरी, तोंडावर काळा मुखवटा, आवडते खाद्य गोगलगायी. १९७४ साली केसी आणि जेकोबी यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व 'मेलॅम्प्रोसॉप्स फीओसोमा' असे ग्रीक वळणाचे नाव ठेवले. काळ्या तोंडाचा, तपकिरी अंगाचा, असा त्याचा अर्थ. बेटवासीयांच्या भाषेत मात्र त्यास नाव सापडेना. तेव्हा हवाईयन भाषेच्या थोर जाणकार मेरी कावेना पुकुई यांनी ते घडविले. 'पोओ' म्हणजे डोके, 'उली' म्हणजे काळे. आपल्या खेड्यातील आजीबाईने 'काळडोक्या' म्हटले असते, तसेच हे! ग्रीक नावापेक्षा आम्हांस हेच अधिक गोड वाटते.

नाव मिळाले, पण घराणे ठरेना. हवाईतील मधुपायी पक्ष्यांचे कुळ आशियातील गुलाबी फिंचांशी जुळते; म्हणजे हिवाळ्यात आपल्या शेतांवर उतरणाऱ्या पाहुण्यांचे हे दूरचे भाऊबंद. पोओउली त्यांच्यातलाच का? त्याची जीभ निराळी, त्या कुळाचा विशिष्ट कुबट वासही त्याला नाही, म्हणून १९९२ साली प्रॅट यांनी त्याविषयी शंका काढली. अखेर २००१ साली डीएनएच्या परीक्षेत तो त्याच कुळाचा, परंतु फार पूर्वी वेगळ्या पडलेल्या शाखेचा ठरला.

निकाल लागला तेव्हा ठाऊक असलेले पक्षी उरले होते अवघे तीन, तेही आपापल्या रानात एकेकटे. २००२ साली एका मादीला उचलून नराच्या हद्दीत नेऊन सोडले. दुसऱ्याच दिवशी ती आपल्या जागी परतली. बदलीच्या गावी मन न रमणाऱ्या आमच्यासारख्यांस तिचा राग येणे कठीण आहे. २००४ च्या सप्टेंबरात एक म्हातारा, एकाक्ष नर पकडण्यात आला. त्याला जोडीदार मिळण्यापूर्वीच, २६ नोव्हेंबर रोजी, तो पिंजऱ्यात मेला. त्याच्या पेशी तेवढ्या जपून ठेवल्या आहेत.

पुढे २०२३ साली अमेरिकन सरकारने संरक्षित जातींच्या यादीतून पोओउलीचे नाव कमी केले. कारण नोंदले : नामशेष.