तळटीप १४ : ‘अठरावे वर्ष’

१४. अठरावे वर्ष : सातवाहन नृपती गौतमीपुत्र सातकर्णीचे राज्यवर्ष, इसवी वा शक सन नव्हे. क्षहरात नहपानाचा पाडाव याच सुमारास झाला, हे मत ग्राह्य वाटते. कारण त्याचा जावई उषवदात याच्या भोगवट्यातील २०० निवर्तने शेत राजाने विजयी छावणीतून सनद पाठवून नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील भिक्षूंना इनाम दिले, आणि राजसेवकांनी तेथे शिरू नये, मीठ खणू नये, अशी सक्त ताकीद गोवर्धनच्या अमात्यास फर्मावली. कार्ल्याच्या भिक्षूंना करजक गावही त्याच वर्षी मिळाले. विदर्भाचा उल्लेख मात्र या सनदेत नसून, राजमाता गौतमी बलश्रीच्या, तिचा नातू पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षीच्या नाशिक येथील लेखात आहे.