सोंगाला थंडी नाही, कोरडेपणा बाधतो

मंडळी, गेल्या वेळी आपण बोहाड्याच्या सोंगांचं मूळ पाहिलं. आज ती टिकतात कशी, ते पाहू.

वावर, जव्हार, मोखाडा या भागात बोहाड्याचे मुखवटे घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. काही लाकडाचे, काही कागदाच्या लगद्याचे, वरून रंगवलेले. डागडुजी उन्हाळ्यातल्या बोहाड्यांआधी, म्हणजे थंडीतच होते.

अशाच एका थंडीत आम्ही एक जुना लाकडी मुखवटा सिमेंटच्या खोलीत ठेवला आणि हीटर लावला. तिसऱ्या दिवशी कपाळावरचा रंग पापुद्र्यांनी उठला. ओल नव्हती, वाळवी नव्हती. चूक आमचीच. त्या घरच्या आजोबांनी एवढंच विचारलं, “आमच्याकडं कुडात तर बरा होता ना देव?” आम्हाला उत्तर देता येईना.

उत्तर असं आहे. हवा तापवली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची पाणी धरायची ताकद वाढते. बाहेर १२ अंश आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर तीच हवा २४ अंशांवर नेल्यावर आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास येते. लाकूड आकसतं, रंगाचा थर तितका आकसत नाही. मग तो सुटतो.

जगानं हा धडा युद्धात घेतला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू भुयारात ओलीनं बिघडल्या. त्यातून १९२० साली तिथली प्रयोगशाळा आली. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या खाणीत गेली. तिथे हवेचं तापमान १७ अंशांवर आणि आर्द्रताही स्थिर राखली आणि रंग सुटणं जवळजवळ थांबलं. १९४५ मध्ये चित्रं लंडनला परतली, तसं ते पुन्हा सुरू झालं.

आम्हीही मग हीटर काढला, स्वेटर घातले. मुखवट्यापासून लांब दोरीवर ओले पंचे टाकले. हायग्रोमीटरचा आकडा तीन वेळा वहीत लिहू लागलो. तो आधी तपासून घेतला: बंद डब्यात ओलसर मिठाशेजारी काही तास ठेवला की त्यानं ७५ टक्के दाखवायला हवेत. आमचा ६८ दाखवत होता!

कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या भिंती ओल शोषतात आणि हळूहळू परत देतात. खोलीतली हवा एकदम बदलत नाही. म्हणून आता जमेल तेव्हा आम्ही मुखवटा आणवत नाही; सामान घेऊन त्याच्या घरी जातो.