हातातलं जीपीएस घेताय? त्यानं रान मोजता येतं, बांध ठरवता येत नाही

सोयाबीनची काढणी सुरू झाली की वैरागच्या आसपासच्या रानांत एक वाद ठरलेला असतो. रान किती भरलं? मालक म्हणतो दीड एकर. हार्वेस्टरवाला मोबाइलचा स्क्रीन पुढे करतो आणि म्हणतो, एक एकर साठ. मालक चक्रावतो, कारण एकराचे गुंठे चाळीसच. मग हे 'एक एकर साठ' आलं कुठून?

उत्तर सोपं आहे. मशीन दशांशात बोलतं आणि आपण गुंठ्यात. १.६० एकर म्हणजे एक एकर आणि ०.६० गुणिले ४०, म्हणजे एक एकर २४ गुंठे. याच्या उलट चूक जास्त महागात पडते. स्क्रीनवर १.२० दिसलं की अनेक जण ते 'एक एकर वीस गुंठे' असं वाचतात आणि दीड एकराचे पैसे मोजतात. प्रत्यक्षात ते एक एकर आठ गुंठेच असतं. १२ गुंठ्यांची मजुरी हवेत गेली.

नांगरट, रोटर, पेरणी, ड्रोनची फवारणी, काढणी, सगळ्याचे दर एकरावर असतात. त्यामुळे 'आपलंच एक जीपीएस मशीन घ्यावं का' हा प्रश्न ट्रॅक्टरवाल्यांनाही पडतो आणि शेतकऱ्यांनाही. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या पोरांना तो वेगळ्या कारणानं पडतो. मशीन घेण्याआधी ते काय करतं आणि काय करू शकत नाही, ते बघू.

मोबाइल असताना वेगळं मशीन कशाला?

आधी एक गैरसमज काढून टाकू. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, रेंजही लागत नाही. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवत असतात आणि तुमच्या हातातलं यंत्र तो फक्त ऐकतं. किमान चार उपग्रह ऐकू आले की प्रत्येक संदेशाला लागलेल्या वेळेवरून ते आपली जागा काढतं. इंटरनेट लागतं ते नकाशा दाखवायला. म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवला, तर फ्लाइट मोडमध्येही मोबाइल तुम्हाला रस्ता दाखवतो. विश्वास नसेल तर आज संध्याकाळी करून बघा.

मग हातातलं मशीन का घ्यायचं? कारणं अगदी साधी आहेत. भर उन्हात त्याचा स्क्रीन वाचता येतो. पावसात भिजलेल्या किंवा चिखलाच्या हातांनी बटणं दाबता येतात, टचस्क्रीन तिथं हात टेकतो. बॅटरी दिवसभर सहज टिकते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल चालतात. शिवाय ते हातातून पडलं तर मोबाइलइतकी हळहळ होत नाही.

माझं मत विचाराल तर वर्षातून दोन-चार वेळा स्वतःचंच रान मोजायचं असेल, तर पैसे घालवू नका. मोबाइल पुरतो. ज्याचा धंदाच एकरावर चालतो किंवा जो रेंज नसलेल्या डोंगरात वारंवार जातो, त्यानं मशीन घ्यावं.

बाजारात 'जीपीएस मशीन' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात

एक असतं फक्त क्षेत्र मोजायचं मशीन. रानाभोवती फेरी मारा, शेवटी एकर दिसतं, दर भरला तर रक्कमही दिसते. दुसरं असतं रस्ता दाखवणारं यंत्र, गार्मिनच्या ई-ट्रेक्ससारखं. त्यात जागा साठवता येतात, चाललेली वाट नोंदली जाते, त्याच वाटेनं परत येता येतं. क्षेत्र मोजायची सोयही बहुतेकांत असते. पहिलं स्वस्त पडतं, दुसरं बहुधा पाच आकडी किमतीचं. ट्रेकसाठी पहिल्या प्रकारचं मशीन घेणं म्हणजे पैसे वाया.

पेटीवर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेईदू, नाविक अशी नावं दिसतील. या अनुक्रमे अमेरिका, रशिया, युरोप, चीन आणि भारत यांच्या उपग्रह यंत्रणा. जितक्या जास्त यंत्रणा ऐकू येतील तितकं झाडाखाली किंवा दरीत बरं. पण फक्त एका नावासाठी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा 'ड्युअल फ्रिक्वेन्सी' म्हणजे एल-१ आणि एल-५ अशा दोन लहरी पकडण्याची सोय आहे का ते विचारा. भिंतीवर, कड्यावर आपटून आलेल्या लहरींमुळे होणारी गडबड त्यानं बरीच कमी होते. हीच सोय आता बऱ्याच मोबाइलमध्येही आहे, तेव्हा आधी स्वतःचा फोन तपासा.

दुकानदाराला आणखी तीन गोष्टी विचारा. क्षेत्र एकर आणि हेक्टर दोन्हीत दिसतं का? नोंदलेली वाट जीपीएक्स फाइल म्हणून मोबाइलवर घेता येते का? बिघडलं तर दुरुस्ती कुठं होते? तिसऱ्याचं उत्तर नीट मिळालं नाही तर मी तरी ते मशीन घेणार नाही.

ट्रेकवाल्यांसाठी एक इशारा. परदेशातून कोणी 'इनरीच'सारखं मशीन भेट म्हणून आणत असेल तर थांबवा. त्यात नुसतं जीपीएस नसतं, ते उपग्रहावरून संदेश पाठवतं, आणि असं साधन परवानगीशिवाय जवळ बाळगणं भारतात गुन्हा ठरू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला याच कारणावरून ताब्यात घेण्यात आलं होतं. फक्त ऐकणारं जीपीएस चालतं, बोलणारं चालत नाही, असं लक्षात ठेवा.

पहिली फेरी कशी मारायची?

नवीन मशीन घरात सुरू करून 'चालत नाही' म्हणून परत करणारे खूप असतात. ते उघड्यावर न्या. एका उपग्रहाकडून त्याची स्वतःची माहिती मिळायलाच साधारण अर्धा मिनिट लागतो आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. म्हणून पहिल्या दिवशी मशीन पंधरा-वीस मिनिटं अंगणात नुसतं ठेवून द्या. मग घराची जागा 'वेपॉइंट' म्हणून साठवा.

दिवाळीत गावी होतो तेव्हा मी चुलत्यांच्या रानात हा खेळ करून बघितला. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८० हेक्टर, म्हणजे ८० आर, आपल्या भाषेत एक एकर ३९ गुंठे. पहिल्या फेरीत मशीन हातात धरून बांधाच्या कडेकडेनं चाललो, १.९३ एकर आलं. दुसऱ्यांदा उलट्या दिशेनं बांधावरूनच चाललो, १.९९. तिसऱ्या फेरीत मशीन पँटच्या खिशात टाकलं आणि फोनवर बोलत बोलत फिरलो, १.९० आलं. चुलते म्हणाले, "तुझ्या बोलण्यात तीन गुंठे गेले बघ."

पण सगळा दोष मशीनचा नव्हता. साधारण चौकोनी एक एकर रानाची एक बाजू ६४ मीटर भरते. तुम्ही चारही बाजूंनी बांधापासून फक्त एक मीटर आत चाललात तर अडीच गुंठे कमी भरतात. एक मीटर म्हणजे मोठं पाऊलच. म्हणून फेरी मारायच्या आधीच ठरवा की बांध धरायचा की पिकाची कड. काढणीचे पैसे देताना पिकाची कड धरणं बरोबर, हे दोघांनीही आधीच बोलून घ्यावं.

बाकी सवयी छोट्याच आहेत. सुरुवातीच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं थांबा. मशीन छातीच्या उंचीवर, आकाशाकडे तोंड करून धरा. प्रत्येक कोपऱ्यावर क्षणभर थांबा, कोपरा तिरका कापू नका. जिथून निघालात तिथंच संपवा. दाट चिंच, पत्र्याचं शेड यांच्याजवळ आकडा उड्या मारतो. दोन फेऱ्या मारून सरासरी घ्या. आणि पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा असेल तर सरळ टेप घ्या, तिथं जीपीएसपेक्षा टेप भरवशाचा.

आकडा दुसऱ्याला पाठवताना

पंप बिघडला, मेकॅनिकला विहिरीची जागा पाठवायची आहे. वैराग साधारण १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. समजा तुमच्या मशीनवर १८.०५ दिसलं आणि फोनवर तुम्ही 'अठरा, शून्य पाच' सांगितलं. समोरच्यानं ते १८ अंश ५ मिनिटं असं भरलं. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणजे १८.०५ अंश म्हणजे १८ अंश ३ मिनिटं. मेकॅनिक तुमच्या विहिरीपासून ३.७ किलोमीटर उत्तरेला, दुसऱ्याच कुणाच्या तरी रानात उभा असेल. दशांश अंश की अंश-मिनिटं, हे सेटिंगमध्ये एकदाच बघून ठेवा. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो.

अशीच एक सेटिंग म्हणजे 'डेटम'. ती 'डब्ल्यूजीएस ८४' वर असू द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या मापावर काढलेले आहेत. त्यावरचे अक्षांश-रेखांश मशीनमध्ये जसेच्या तसे भरले तर आपल्या भागात शंभर मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. जुन्या नकाशावरून किल्ल्याची वाट शोधणाऱ्यांना हा फरक थेट कड्यावर नेऊ शकतो.

आणि बांध?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथंच लोक फसतात. शेजाऱ्यानं बांध कोरलाय, जीपीएसवर दाखवता येईल का?

नाही. का ते समजून घ्या. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ती चूक काढून टाकल्यापासून हातातलं यंत्र उघड्या रानात साधारण तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतं. क्षेत्र मोजताना ही चूक फारशी नडत नाही, कारण दहा मिनिटांच्या फेरीत सगळे कोपरे साधारण एकाच बाजूला सरकलेले असतात. आख्खं रान नकाशावर तीन मीटर पूर्वेला गेलं तरी त्याचे गुंठे तेवढेच राहतात. बांधाचं मात्र तसं नाही, तिथं प्रश्नच 'नेमका कुठं' हा असतो.

चुलत्यांच्या रानातल्या एकाच दगडावर मी सकाळी आणि संध्याकाळी जागा नोंदवली. दोन नोंदींत चार मीटरचं अंतर आलं, दगड अर्थातच हलला नव्हता. ९० मीटर लांबीच्या बांधावर चार मीटर म्हणजे साडेतीन गुंठे. एवढ्यावर भावकीत कोर्टकचेऱ्या होतात, डोकी फुटतात. मोबाइलवर उपग्रहाच्या फोटोवर गटाची रेघ ओढून 'बघ, तुझा बांध माझ्यात आलाय' म्हणणंही तितकंच चुकीचं, कारण ती रेघ आणि तो फोटो दोन्ही काही मीटर इकडे-तिकडे असू शकतात.

भूमी अभिलेख विभागाचे मोजणीदार जे रोव्हर आणतात, तेही उपग्रहच ऐकतं. फरक असा की, राज्यात ठिकठिकाणी कायमची बसवलेली 'कॉर्स' केंद्रं त्याच वेळी तेच उपग्रह ऐकत असतात. त्यांची स्वतःची जागा पक्की माहीत असते, म्हणून त्या घडीला उपग्रहांची चूक किती आहे ते कळतं आणि रोव्हर ती वजा करतं. त्यामुळे चूक मीटरवरून सेंटिमीटरवर येते. वैरागकरांसाठी हे काम बार्शीच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाचं. अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन करता येतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, आणि मोजणीनंतर हद्द दाखवणाऱ्या नकाशाची 'क' प्रत मिळते. वादात तो कागद चालतो, मशीनचा स्क्रीनशॉट नाही.

तरीही हद्दीच्या बाबतीत हातातल्या मशीनचा एक उपयोग आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोलापूर जिल्ह्यात नदी-ओढ्याकाठची रानं खरडून गेली, बांध वाहून गेले, काही ठिकाणी वर गाळ बसला. अशा वेळी जुना हद्दीचा दगड शोधायला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. पावसाळ्याआधी प्रत्येक दगडाजवळ उभं राहून वेपॉइंट साठवा आणि सोबत आजूबाजूची विहीर, झाड, विजेचा खांब दिसेल असा फोटो काढा. खांबापासूनचं अंतर टेपनं मोजून त्याच फोटोच्या नावात लिहा. मशीन तुम्हाला दगडापासून चार-पाच मीटरच्या आत आणून सोडेल, पुढचं काम टेप आणि कुदळ करेल.